खेळ पोराचा, पटांगण कोणाचे?

परळ-लालबागच्या चाळींत "आमचा पोरगा खेळतो" असे कोणी म्हटले, की पूर्वी ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असे : कुठल्या मंडळाकडून? आज तेच वाक्य कानी पडले की प्रश्न येतो : दिवसाचे किती तास? पहिल्या प्रश्नात कौतुक असे. दुसऱ्यात काळजी असते, आणि पुष्कळदा तुच्छताही. या दोन प्रश्नांमधील अंतर चाळीस-पन्नास वर्षांचे आहे आणि ते केवळ खेळ बदलल्यामुळे पडलेले नाही. मधल्या काळात गिरणगावातील तरुणाच्या पायांखालचे पटांगण दुसऱ्याच्या मालकीचे झाले. मोबाईलवरील खेळात प्रावीण्य मिळवून स्पर्धांतील खेळाडू होऊ पाहणाऱ्या मुलांच्या धडपडीकडे चळवळीने पाहावयाचे, ते या मालकीच्या प्रश्नाच्या अंगाने.

असा एक मुलगा डोळ्यांसमोर आणावा. तो कोणी विशिष्ट नव्हे, ना. म. जोशी मार्गापासून नायगावपर्यंत कोणत्याही चाळीत तो भेटेल. वय एकोणीस-वीस. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात होते. वडील कंत्राटदाराच्या हाताखाली सुरक्षारक्षक आहेत, आणि ज्या व्यापारी संकुलाच्या दारावर ते उभे राहतात ते कधीकाळी गिरणीचेच आवार होते. मुलगा बारावीनंतर घरोघर पार्सले पोचविण्याचे काम करतो. रात्री साडेदहानंतर १६० चौरस फुटांच्या खोलीत माणसे अंथरुणे टाकून आडवी झाली, की हप्त्याने घेतलेला मोबाईल घेऊन तो गॅलरीच्या टोकाला, जिन्याजवळ येऊन बसतो. तेथे नेटवर्क बरे मिळते आणि बोलण्याने कोणाची झोप मोडत नाही. संघात चौघे आहेत : तो स्वतः, एक शेजारच्या गल्लीतला, एक कोल्हापूरकडचा आणि एक आसामातला. या शेवटच्या गड्याचा आवाज त्याला घरच्या माणसाच्या आवाजाइतका परिचित आहे. प्रत्यक्ष भेट मात्र कधी झालेली नाही. रात्री दोनपर्यंत सराव चालतो आणि सकाळी आठला पुन्हा पार्सलांची पिशवी पाठीवर चढते.

खेळ कोणता, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' हा क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीचा खेळ. एका काल्पनिक बेटावर खेळाडू उतरतात, शस्त्रे गोळा करतात, खेळण्याचे क्षेत्र हळूहळू आक्रसत जाते, आणि अखेरपर्यंत टिकेल तो संघ जिंकतो. स्पर्धेमध्ये चौघाचौघांचे सोळा संघ एकाच वेळी झुंजतात. टिकून राहण्याचे गुण वेगळे आणि प्रतिस्पर्धी बाद करण्याचे वेगळे. गोळीबाराचा हा खेळ माणसाचे मन उन्नत करतो, असा दावा कोणी करू नये. परंतु त्याला जुगारही म्हणता येणार नाही. चढाईला गेलेला गडी कोपऱ्यावरच्या क्षेत्ररक्षकाच्या पायांकडे पाहून निमिषार्धात जो निर्णय घेतो, त्याच जातीचा निर्णय येथे बोटांना घ्यावा लागतो, आणि चौघांचा मेळ जमला नाही तर एकट्याच्या नेमबाजीला काही किंमत उरत नाही. हे कौशल्य सरावाने येते व सराव थांबला की जाते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे श्रम खर्ची पडत आहेत.

ही गोष्ट मान्य करण्यास आपल्याकडील थोरामोठ्यांची तयारी नसते. मार्च २०१९ मध्ये राजकोट येथे पोलिसांनी या खेळाचा पूर्वावतार असलेला 'पबजी' खेळल्याबद्दल तरुणांना चक्क अटक केली होती. चाळीच्या गॅलरीत कॅरम कुटणाऱ्या पोरांनाही एकेकाळी वाया गेलेली म्हणत. पुढे त्यांतल्याच काहींना बँकांनी आणि तेलकंपन्यांनी खेळाडू म्हणून नोकऱ्या दिल्या, तेव्हा हीच मंडळी सत्काराचे हार घेऊन गेली. पुरोगामी वर्तुळांतही या विषयावरची चर्चा 'नवी अफू' या दोन शब्दांपाशी संपते. मुलगा रात्री जागतो, त्याचे डोळे बिघडतात, अभ्यास मागे पडतो, हे सारे खरे आहे आणि घरच्यांची काळजी रास्तच आहे. परंतु तो जागतो कशासाठी, आणि त्याच्या जागण्यातून कोणाची तिजोरी भरते, हे विचारल्याखेरीज त्याला दोष देणे म्हणजे पाळीवरून दमून आलेल्या कामगाराला झोपाळू म्हणण्यासारखे होईल.

गिरणगावातील जुना खेळाडू कसा घडत असे, ते आठवून पाहण्यासारखे आहे. कबड्डी या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या नावातच 'हौशी' हा शब्द धारण केला होता. ही संघटना १९७२ च्या सुमारास उभी राहिली ती शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या मुंबईकर संघटकांच्या खपण्यावर. त्याच वर्षी कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कार सदानंद शेटये यांना मिळाला. हौशी या शब्दाचा अर्थ मात्र पोटभरू साहेबलोकांच्या हौशीपेक्षा निराळा होता. गल्लीतले मंडळ, त्याचा मुरुमाचा नाहीतर मातीचा चौक, श्रमिक जिमखान्यासारखे मैदान, मग जिल्ह्याची अजिंक्यपद स्पर्धा, आणि तेथे डोळ्यांत भरलेला गडी गिरणीच्या, रेल्वेच्या, बँकेच्या किंवा भारत पेट्रोलियमसारख्या कंपनीच्या संघात. खेळाचे पैसे मिळत नसत. खेळामुळे नोकरी मिळे. पंचविशीत गुडघा निकामी झाला तरी हजेरीपटावरचे नाव कायम राही. सेनापती बापट मार्गावर हुतात्मा बाबू गेनू यांच्या नावाने गिरणी कामगारांचे क्रीडा भवन उभे आहे, ते त्या काळाची साक्ष देते. कामगाराच्या खेळाची व्यवस्था लावणे ही समाजाची जबाबदारी आहे, असे त्या काळी निदान कागदावर तरी मानले जात असे.

त्या व्यवस्थेचे गुणगान फार करण्याचेही कारण नाही. ती प्रामुख्याने पुरुषांची होती, मंडळांच्या राजकारणाने पोखरलेली होती, आणि चांगला गडी पळविण्यासाठी काय काय होत असे ते जुन्या लोकांना विचारावे. शिवाय गिरणीतील नोकरी म्हणजे पहिल्याच दिवशी कायम नोकरी, असे नव्हतेच. 'बदली' कामगार सकाळी पास घेऊन फाटकाशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर त्याला पाळी मिळे, नाहीतर तो घरी परते. कित्येकांची उमर अशी गेली. आजचा हौशी मोबाईल खेळाडू याच बदलीचा वारस आहे. नामांकित संघातील कोणी आजारी पडेल, कोणाशी बिनसेल, मग चाचणीसाठी आपल्याला बोलावणे येईल, या आशेवर तो फाटकाशी उभा आहे. फरक एवढाच, की बदली कामगाराला आपण बदली आहोत हे ठाऊक होते, त्याच्याच सारखे शंभरजण त्याला शेजारी उभे दिसत, आणि म्हणून १९८२ च्या संपाच्या मागण्यांत बदल्यांना कायम करण्याची मागणीही होती. गॅलरीच्या टोकाला बसलेल्या मुलाला बाकीचे दिसत नाहीत. पडद्यावर त्याला त्यांची टोपणनावे तेवढी दिसतात, आणि तीही प्रतिस्पर्धी म्हणून.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला तो संप आणि त्यानंतरची गिरण्यांची वाताहत यांचा इतिहास या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगावयास नको. येथे त्यातला खेळाशी निगडित असलेला धागा तेवढा उचलावयाचा आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरविले होते, की गिरणीची जमीन विकासास काढल्यास ढोबळमानाने एक-तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला मिळावी. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. म्हणजे या हिशेबाने शहराच्या मध्यभागी २०० एकरांच्या आसपास बागा आणि मैदाने व्हावयास हवी होती. २००१ मध्ये राज्य सरकारने नियमाच्या शब्दांत फेरफार केला. वाटणी साऱ्या जमिनीची नव्हे, तर ज्यावर आधीपासून बांधकाम नव्हते तेवढ्याच तुकड्यांची, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती कितीशी असणार! मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. मैदाने कागदावरून पुसली गेली ती अशी. पुढे लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात 'स्मॅश' नावाचे यांत्रिक खेळांचे मोठे दालन उघडले. गिरणीच्या जमिनीवर अखेर खेळ आला, तो तिकीट लावून.

मैदान गेले आणि खोली वाढली नाही, तेव्हा पोराने खेळावयाचे कोठे? शतकाच्या आरंभी दादर-गिरगावात सायबर कॅफे होते. तेथे तासाच्या भाड्याने 'काउंटर-स्ट्राइक' चाले. परंतु घरी चांगला संगणक ठेवणे पांढरपेशा कुटुंबांनाच परवडे, आणि स्पर्धेत पुढे जात ती मुख्यतः त्यांचीच मुले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले, आणि संगणक ज्याने कधी घरात पाहिला नाही त्या मुलाच्या हातात खेळ आला. या अर्थाने मोबाईलने स्पर्धेचे दार खरोखरच रुंद केले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. गिरगावातील प्राध्यापकाचा मुलगा आणि लालबागमधील सुरक्षारक्षकाचा मुलगा एकाच बेटावर उतरू लागले. अर्थात बेटावर उतरल्यावरही वर्ग संपत नाही. ज्याचा मोबाईल सेकंदाला अधिक चित्रे दाखवितो त्याला समोरचा गडी आधी दिसतो, आणि तसा मोबाईल हप्त्याच्या मोबाईलच्या दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतो. सरावसामन्यात जागा मिळविण्यासाठी लहानसहान आयोजक प्रवेशमूल्य घेतात, ते वेगळेच. पार्सले पोचविण्याच्या कमाईतला एक भाग असा सरावातच जिरतो.

आता मूळ मुद्द्याकडे यावयास हवे. कबड्डी कोणाच्या मालकीची आहे? कोणाच्याच नाही. साताऱ्याकडील आणि बडोद्यातील मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात तिचे नियम बांधले, पण उद्या एखाद्या कंपनीने ठरविले म्हणून नायगावच्या मुलांना दम घुमविण्यापासून कोणी रोखू शकत नाही. मोबाईलवरील खेळाचे तसे नाही. तेथे बेट, बंदूक, नियम, पंच, गुणफलक, एवढेच काय खेळाडूचे नाव आणि त्याने वर्षानुवर्षे मिळविलेला दर्जा, हे सारे कंपनीच्या यंत्रांत साठविलेले असते. खेळाडू तेथे कूळ आहे, आणि तेही कुळकायद्याचे संरक्षण नसलेले.

याचे प्रत्यंतर फार वेळ थांबावे न लागता आले. चीनबरोबरच्या सीमासंघर्षानंतर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ चिनी वा चीनशी संबंधित अ‍ॅप्सवर बंदी घातली. तीत पबजी मोबाईल होता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नवे नाव धारण करून परतला. एक कोटी रुपये बक्षिसांची स्पर्धा झाली. जून-जुलै २०२२ मध्ये दीड कोटींची दुसरी स्पर्धा स्टार स्पोर्ट्स वाहिनीवरून घरोघरी दाखविली गेली, आणि गॅलरीतल्या मुलाच्या आईने प्रथमच तो खेळ कुटुंबाच्या दूरदर्शन संचावर पाहिला असेल. स्पर्धा संपून दोन आठवडेही झाले नसतील, तोच २८ जुलै २०२२ रोजी खेळ पुन्हा अ‍ॅपच्या दुकानांतून नाहीसा झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ या कलमाखालील हा आदेश. असे आदेश नियमानुसार गोपनीय असतात. ज्यांचे वर्षभराचे श्रम एका रात्रीत निरुपयोगी झाले त्या मुलांना ना नोटीस मिळाली, ना कारण, ना दाद मागण्याची जागा. मे २०२३ च्या अखेरीस खेळ परतला, तोही आरंभी तीन महिन्यांच्या परीक्षेवर, आणि अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास व इतरांना सहा तास, अशी मर्यादा घालून. सुरक्षेच्या कारणांविषयी येथे वाद घालावयाचा नाही. ती खरीही असतील. सरकार आणि परदेशी कंपनी यांच्यातील या बोलण्यांत खेळाडू नावाचा पक्ष अस्तित्वातच नव्हता, ही गोष्ट नोंदवावयाची आहे.

सरकार मध्ये पडले म्हणून असे झाले, एरवी बाजार सुरळीत चालतो, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी दुसरे उदाहरण पाहावे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्सचा प्रदर्शनीय समावेश होता आणि भुजच्या तीर्थ मेहता याने 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या धर्तीवरील खेळात कांस्यपदक मिळविले. पुढील हांगचौ स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला अधिकृत पदके ठेवली गेली, आणि भारताने हार्थस्टोनसाठीही खेळाडू निवडले. परंतु त्या खेळाची मालक असलेली अमेरिकन ब्लिझर्ड कंपनी आणि तिची चिनी भागीदार नेटईज यांचे फाटले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा करार संपला, चीनमध्ये खेळाची यंत्रे बंद झाली आणि स्पर्धेच्या कार्यक्रमातून तो खेळच वगळण्यात आला. खेळाडू जायबंदी झाला नव्हता की हरलाही नव्हता. त्याच्या पायांखालची सतरंजी दोन दुकानदारांच्या भांडणात गुंडाळली गेली. भालाफेकीच्या बाबतीत असे घडल्याचे कोणी ऐकले आहे काय?

यावर एक रास्त आक्षेप येईल. खेळाच्या सार्वजनिक संघटना तरी कोठे सोवळ्या आहेत? नाहीतच. हौशी कबड्डी महासंघ अनेक वर्षे एकाच कुटुंबाच्या हाती राहिला, आजीव अध्यक्षपदाची सोयही झाली. परंतु माजी खेळाडू न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती पदे रद्दबातल ठरवून महासंघावर प्रशासक नेमला. संघटनेला घटना होती, निवडणुकीचे नियम होते, म्हणून ते मोडल्याचे सिद्ध करता आले. कंपनीच्या खेळात मोडण्यासारखी घटनाच नसते. खाते उघडताना 'मान्य आहे' या शब्दांवर बोट टेकविले, की तेथे खेळाडूचे सारे नागरिकत्व संपते. कबड्डीसुद्धा याच वाटेने ओढली जात आहे, हे विसरता येणार नाही. २६ जुलै २०१४ रोजी वरळीला प्रो कबड्डी सुरू झाली, पुढे त्या लीगच्या कंपनीत स्टारने बहुसंख्य भाग घेतले. पहिल्या लिलावात सर्वांत महागडा गडी १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०२३ मध्ये पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांच्या वर गेला. खेळाडूला पैसा मिळाला, याचा आनंदच मानावयास हवा. पण लिलाव झाला नाही त्या गड्याचे काय, हा प्रश्न तेथेही आहेच.

आणि हाच मोबाईल खेळाडूच्या धडपडीचा आर्थिक गाभा आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये, वेतनातील तफावतींची मीमांसा करताना, तरुण वयात धंदा निवडणारा माणूस यशाची शक्यता नेहमी फुगवून आणि अपयशाची कमी करून पाहतो, असे निरीक्षण नोंदविले आहे. ज्या पेशात एक यशस्वी होतो आणि वीस फसतात, तेथे न्यायाने त्या एकाला वीसजणांचे बुडालेले उत्पन्न मिळावयास हवे. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाही, आणि म्हणून असा पेशा म्हणजे तोट्याची सोडत असते, असा त्याचा हिशेब आहे. १९८१ मध्ये शिकागोच्या शर्विन रोझेन यांनी दुसरी बाजू दाखविली : एकाच कलावंताची कामगिरी एकाच वेळी लाखो प्रेक्षकांपर्यंत पोचविण्याचे तंत्र आले, की पहिल्या आणि दहाव्या क्रमांकातील गुणांचा फरक रेसभर असला तरी उत्पन्नातला फरक डोंगराएवढा होतो. मोबाईलच्या खेळात हे दोन्ही सिद्धांत एकत्र नांदतात. २०२१ च्या त्या एक कोटीच्या स्पर्धेत पहिल्या संघाला ५० लाख मिळाले. पाचजणांत वाटले तर प्रत्येकी दहा लाख, आणि त्यातून कर व संघ चालविणाऱ्या संस्थेचा वाटा असल्यास तो वजा. अंतिम फेरीत सोळा संघ, म्हणजे मैदानात चौसष्ट खेळाडू. त्यांच्या खाली जे राहिले त्यांचे श्रम हिशेबात कोठेच येत नाहीत, मात्र त्यांच्याच गर्दीमुळे खेळाला खेळाडू मिळतात, वाहिनीला प्रेक्षक मिळतात आणि जाहिरातदाराला गिऱ्हाईक मिळते.

मुंबईतूनच नावारूपाला आलेल्या नमन माथुर ऊर्फ 'मॉर्टल' याचे उदाहरण चाळीतल्या प्रत्येक पोराच्या तोंडी असते. त्याच्या 'सोल' संघाने २०१९ मध्ये भारतातील स्पर्धा जिंकून बर्लिनच्या जागतिक अंतिम फेरीपर्यंत मजल मारली, हे यश निर्विवाद आहे. परंतु त्याचे स्थान टिकले ते मुख्यतः बक्षिसांवर नव्हे, तर रोज त्याचा खेळ आणि त्याच्या गप्पा पाहणाऱ्या लाखो प्रेक्षकांवर. म्हणजे खेळाडू म्हणून तगावयाचे असेल तर करमणूककार झाले पाहिजे. दिवसाकाठी तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसले पाहिजे, आणि ते ज्या मंचावर करावयाचे तोही पुन्हा दुसऱ्याच कंपनीच्या मालकीचा. इकडे नरिमन पॉइंटच्या नझारा टेक्नॉलॉजीजने २०१८ मध्ये स्पर्धा भरविणाऱ्या नॉडविन कंपनीचे बहुसंख्य भाग घेतले आणि मार्च २०२१ मध्ये स्वतःचे भाग शेअर बाजारात आणले. लालबागच्या गॅलरीपासून नरिमन पॉइंट बसने फार दूर नाही.

सरकारची भूमिका या सगळ्यात काय आहे? डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, आणि ती योग्यच आहे. अशा खेळांत लोक दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. ई-स्पोर्ट्सला मात्र कायद्याने मान्यता आणि प्रोत्साहन देऊ केले. त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे, प्रशिक्षण संस्था, संशोधन केंद्रे असे शब्द त्यात आहेत. खेळाडूचा करार कसा असावा, मानधन थकले तर काय, कंपनीने किंवा सरकारने खेळ बंद केला तर पूर्वसूचना किती आणि भरपाई कोणती, यांविषयी मात्र मौन आहे. विधेयक दोन्ही सभागृहांत दोन दिवसांत मंजूर झाले, तेव्हा हे प्रश्न विचारणार तरी कोण होते? उद्योगाच्या संघटना आहेत, त्यांचे वकील आहेत. खेळाडूंची युनियन नाही.

म्हणून चळवळीने या मुलांना उपदेश करण्याऐवजी संघटित करण्याचा विचार केला पाहिजे. त्यांच्या मागण्या हवेतल्या नाहीत. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, आणि तिच्या सातव्या परिशिष्टात, ज्या मंचांनी आपल्या उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग कामगारांच्या सुरक्षा निधीत भरावयाचा त्यांच्या यादीत, पार्सल पोचविणाऱ्या कंपन्यांबरोबरच आशय व माध्यम सेवा यांचाही उल्लेख आहे. म्हणजे आपला हा मुलगा दिवसा पार्सले वाहतो तेव्हाही आणि रात्री आपला खेळ लोकांना दाखवितो तेव्हाही या कायद्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याला आत घ्यावयाचे की नाही, हे नियमांच्या तपशिलात ठरेल, आणि त्या तपशिलासाठी झगडावे लागेल. ज्या खेळाला राष्ट्रीय मान्यता हवी त्याच्या मालक कंपनीने खेळाडूंचे प्रतिनिधी असलेला तक्रार-लवाद मानला पाहिजे आणि खेळ बंद करण्यापूर्वी मुदतीची नोटीस दिली पाहिजे, ही अट मान्यतेलाच जोडता येईल. गिरणी कामगारांच्या क्रीडा भवनात कॅरम-कबड्डीच्या शेजारी चांगले नेटवर्क आणि दहा बरी यंत्रे असलेली एक खोली का असू नये? निदान जिन्याजवळच्या डासांत बसण्याची पाळी तरी येणार नाही.

आरंभ याहूनही साध्या कामाने करता येईल. लहान संघचालक मुलांकडून करारपत्रे सही करून घेतात. ती इंग्रजीत असतात, आणि सही करणारा पुष्कळदा सतरा वर्षांचा असतो. अल्पवयीनाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुळातच पोकळ ठरतो, हे ना त्याला ठाऊक असते, ना त्याच्या वडिलांना. लालबाग, परळ, नायगाव येथील शाखांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या कार्यालयात टेबल टाकून बसावे, एखाद्या तरुण वकिलाला बरोबर घ्यावे, मुलांना हे कागद आणावयास सांगावे आणि ते मराठीत वाचून दाखवावेत. वेळ तेवढी नऊच्या आतली ठेवावी. साडेदहाला त्यांचा सराव सुरू होतो.